सुती काही घेऊ नये

परतीचा पाऊस आला की मी आधी गच्चीवरची वाळवणं आत घेते, मग खिडक्यांच्या खाचांत जुने कपडे कोंबते, आणि ही कामं संपली की मला नदी आठवते. कामं असतात तोवर आठवत नाही. यंदाही तसंच झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी यवतमाळच्या लोहारा भागातल्या कारखान्यांवर काळं आभाळ उतरलं आणि वाऱ्याबरोबर ओल्या सरकीचा वास आला. आमच्या गल्लीच्या आसपास जिनिंग नाही. तरी आला. मी खिडकी लावून घेतली.

पल्लवी सणाला पुण्याहून आली होती. ती माझ्या धाकट्या जावेची, शोभाची मुलगी. तीन वर्षांची असल्यापासून माझ्याकडं आहे, मला मोठी आई म्हणते. तिच्या ऑफिसातली पोरंपोरी कोकणातल्या एका नदीवर राफ्टिंगला निघाली होती. रबरी होडीत बसायचं, फेसाळत्या पाण्यातून खाली जायचं, भिजायचं, ओरडायचं आणि फोटो काढायचे. सोबत काय न्यायचं त्याची यादी तिच्या फोनवर आली होती. बॅग भरणं माझ्याकडं. डाळ मिलच्या पॅकिंग खात्यात सतरा वर्षं काढलेल्या बाईसमोर दुसऱ्या कुणी बॅग भरू नये. मला बघवत नाही.

"पट्ट्याची चप्पल," ती वाचत होती. "चष्म्याला दोरी. फोनला पाणी न शिरणारी पिशवी. कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीतच ठेवायचा. दागिने नकोत, ओढणी नको. अन् हे ऐक, मोठी आई. सुती काही घेऊ नये. सुती कपडा पाणी धरतो, जड होतो, लवकर वाळत नाही."

ती हसायलाच लागली. "यवतमाळच्या पोरीले सांगून राह्यले! कापूस नको म्हणे."

माझ्या हातात तिचा सुती कुर्ता होता, घडी घालून झालेला. तो मी बाजूला ठेवला. त्यावरची ओढणीही ठेवली.

यादी आमच्याकडंही होती. कुणी लिहिलेली नव्हती, एवढंच. आमचं गाव पैनगंगेच्या काठाला, बाजाराला फुलसावंगी. आणि आम्ही बटईनं, म्हणजे वाट्यानं केलेलं वावर नदीच्या पलीकडं. पूल वरच्या अंगाला, लांब. पूर उतरला की माणसं पायी नदी ओलांडायची, पण आषाढापासून दिवाळीपर्यंत पाण्याचा नेम नसायचा. तेवढ्या दिवसांसाठी गावानं एक बाज केली होती. ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा, त्यांवर उलटी बांधलेली लाकडी बाज, पाय आभाळाकडं. ते पाय धरायला उपयोगी पडत. चार कोपऱ्यांना औषधाच्या रिकाम्या कॅना, बुचं घट्ट लावून. औषध म्हणजे पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर फवारायचं. त्या वर्षांत गावात रिकाम्या कॅनांचा तोटा नव्हता. दोन्ही काठांवरच्या झाडांना एक जाड दोर बांधलेला असे. नामदेवबुवा नावाचा म्हातारा पुढं बसून तो दोर हातानं ओढत बाज पलीकडं न्यायचा. बाकीच्यांनी दोरावर एक हात ठेवायचा आणि गप्प बसायचं. "बोलनं काठावर," असं तो म्हणायचा.

पाण्यावर निघताना काय घ्यायचं हे आम्हाला पाठ होतं. खताच्या रिकाम्या पिशवीत कोरडं लुगडं, तोंड सुतळीनं आवळलेलं. काडेपेटी स्टीलच्या डब्यात, भाकरीच्या वर, पण भाकरीची वाफ गेल्यावरच. नाहीतर काड्यांचा गुल सादळतो आणि दिवसभर चहा नाही. चपला सुतळीत ओवून गळ्यात. मीठमिरचीची पुडी ब्लाउजात. मी एवढंच घ्यायची. शोभा यावर एक फणी आणि एक आरसा घ्यायची, तळहाताएवढा, पाठीवर मोराचं चित्र असलेला.

"पाण्यात तोंड दिसत नाही काय तुले? आरसा कायले?" मी विचारायची.

"गढूळ पाण्यात काळी दिसतो ना, बाई."

"अशीबी काळीच आहेस."

"हो, पन आरशात जरा कमी." आणि मग नामदेवबुवाला, "काय बुवा, खरं का नाही?"

"बोलनं काठावर," म्हातारा मागं न बघता म्हणायचा.

ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होती. मला तिचा राग यायचा. कामात चपळ होती, पण कामाचं तोंड करून काम करता येत नव्हतं तिला. निंदताना बोलायची, वेचताना गुणगुणायची. मी त्या घरात दहा वर्षं आधी आले होते, आणि हसत काम करता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. लांबलांबून माणसं यायची. कॅमेरे घेऊन, वह्या घेऊन. गावात पांढरी गाडी शिरली की बाया एकमेकींना विचारायच्या, "कोनाच्या घरी?" काय झालं, असं कुणी विचारत नसे, ते माहीत असायचं. आमच्या आळीतला एक म्हातारा दम्यानं गेला. वर्षभर खाटेवर होता. तरी आलेल्या माणसानं पहिला प्रश्न तोच विचारला, औषध प्यायला का, आणि म्हाताऱ्याचा लेक म्हणाला, "न्हाई साहेब, तो आपल्याच मौतीनं मेला." हे असं सांगावं लागायचं. मरण आलं की ते कुठलं, याचा खुलासा द्यायचा. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मी जे केलं ते त्या हवेत केलं. सबब म्हणून नाही. सादळलेल्या हवेत गूळ ठेवला तर तो पाझरतो, एवढीच ती गोष्ट.

डाळ मिलमध्ये माझं काम पोत्यांची तोंडं शिवून घ्यायचं. मशीन असतं, एका दोऱ्याची साखळी घालतं. नवीन पोरींना मी पहिल्याच दिवशी दाखवते: हे टोक ओढलं की अख्खी शिवण एका झटक्यात उसवते, हे टोक नाही ओढलं तर दहा माणसांनी उघडत नाही. योग्य टोक मोकळं ठेवा. पोरींना हे जादूसारखं वाटतं. मला पहिल्यांदा दाखवलं होतं तेव्हा मी संडासात जाऊन दार लावून बसले होते. मग बाहेर येऊन शिकले.

नदीवरच्या त्या दिवशी सीतादही होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरातच पूजा करतात, पऱ्हाटीला हळदकुंकू लावून दहीभात ठेवतात. वावरभर निम्मी बोंडं आधीच्या पावसानं काळी पडली होती. उरलेली उमलली होती ती मात्र चांगली उमलली होती, पांढरी, फुटून बाहेर आलेली. शोभानं नैवेद्य ठेवला आणि बोटाला लागलेला दहीभात चाटला.

"देवाच्या आधी?" मी म्हणाले.

"देवाचं आंबट झालं का पाहून राह्यली, बाई."

आम्ही दोघीच होतो. ती आणि मी, पऱ्हाटीच्या दोन तासांना, म्हणजे ओळींना, समोरासमोर. वेचायला कंबरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात, तिला आम्ही ओटी म्हणतो. पुढून तोंड उघडं, दोन्ही हातांनी बोंडं ओरबाडून आत टाकायची. ओटीची गाठ पाठीवर येते, म्हणून ती कुणी स्वतःची स्वतः मारत नाही. दोघी-दोघींनी एकमेकींची मारायची, ही रीत. आणि रोजच्याला सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटणारी, कारण ओटी भरली की धुऱ्यावर, बांधावर जाऊन सोडायची असते.

दुपारी पश्चिमेकडून अंधारून आलं. धुऱ्यावर चादरीत आमचा ढीग होता. वावरात ना खोपटं ना झाड. भिजलेला कापूस पिवळा पडतो, मग तो कापूस राहत नाही. मी पटकन ठरवलं. मी पटकन ठरवते, ते माझ्याबद्दल सगळ्यांना चांगलं वाटतं. चादर डोक्यावर नेली तर पावसात भिजणार, आणि बाजेवर हात मोकळा हवा. म्हणून सगळा कापूस दोघींच्या ओट्यांत दाबून भरायचा, वरून खताची पिशवी बांधायची, आणि अंगाशी कोरडा घेऊन जायचा. दोघी नऊ महिन्यांच्या गरवार दिसत होतो. शोभाला त्याचंही हसू.

ओझं मोठं होतं. सुरगाठ सरकली असती. मी तिला पाठमोरी केली आणि निरगाठ मारली. गुडघा कंबरेला लावून आवळली.

"बाई, ढिली करा जराशीक. श्वास कोंडून राह्यला."

"ढिली बांधली तं पांदनीत सांडन सारा. मंग येचत बस चिखलातून."

"मी काय पोतं आहो काय?"

"पोतं बोलत नाही. तू लय बोलतं. चाल."

मग तिनं माझी बांधली. मी म्हणाले घट्ट बांध. ती "हो हो" म्हणाली.

पल्लवीनं यादी वाचून संपवली होती. मोज्यांची गुंडाळी करता करता ती म्हणाली, "शेवटी तिथं एक संथ पट्टा असतो. तिथं आपल्याले होडीतून खाली उतरवतात. कडेचा दोर धरून राहायचं, अन् गाईडनं सांगितलं का सोडून द्यायचा. जॅकेट असते, काही होत नाही. मी त्याच्यासाठीच जाऊन राह्यली."

"काहून?"

"एकदा पाहायचं आहे. दोर सोडताना आईले कसं वाटलं असन."

हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं. मी तिच्याकडं बघितलं नाही. बॅगेत टॉवेल ठेवत होते, तो काढून पुन्हा घडी घातली.

"मी तीन वर्षांची होतो," ती म्हणाली. "घरी होतो मी. तिले माहीत होतं ना, मी घरी आहो म्हणून? तरी सोडला तिनं."

बारा वर्षांची असताना तिला ट्रंकेत, साड्यांखालच्या कागदात, पेपरचं एक कात्रण सापडलं होतं. त्यात एक लांब यादी होती, तशा याद्या तेव्हा यायच्या. त्या यादीत शोभाचं नाव, वय, गाव, आणि नापिकीला कंटाळून नदीत, एवढी एक ओळ. पल्लवी कात्रण हातात धरून स्वयंपाकघरात आली. "आई स्वतःहून गेली का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "भाजी संपव, गार होते." तिनं भाजी संपवली. पुन्हा विचारलं नाही. तिचे वडील तोवर सुरतेला जाऊन तिकडंच दुसरं घर करून राहिले होते. सासूसासरे गेले होते. गावाला आमचं जाणं उरलं नव्हतं. मुलीला खरं सांगू शकणारी एकटी मी होते, आणि मी तिला वांग्याची भाजी वाढली होती.

त्या दिवशी आम्ही बाजेवर बसलो तेव्हा पाणी वाढलेलं होतं, पण फार नाही. नामदेवबुवा पुढं, आमच्याकडं पाठ. मधोमध आलो आणि वरून एक लोंढा आला, कुठल्या तरी नाल्यानं ओतलेला, कडबा आणि पऱ्हाट्या घेऊन. बाज शोभाच्या अंगाला कलली. ती घसरली. पण दोर सोडला नाही तिनं. दोन्ही हातांनी धरून ती पाण्यात आडवी झाली, तोंड वर, प्रवाहाकडं. वरची पिशवी निघून गेली आणि ओटीचं तोंड उघडं पडलं. वाहत्या पाण्यात घागर तोंड पुढं करून धरली तर ती हातातून जशी ओढ घेते, तशी ती ओटी ओढ घ्यायला लागली.

"बाई, गाठ!" ती ओरडली. "गाठ सोडा!"

मी पालथी पडून हात टाकला. तिच्या खांद्यावरचं ब्लाउज हातात आलं. गाठ पाठीवर, पाण्याखाली. पोहोचले नाही. तिनं एक हात दोरावरून काढून मागं नेला. चाचपडली. एका हातानं निरगाठ सुटत नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि दुसराही हात काढला. मी तिला धरलेलं आहे, असा तिला भरवसा असावा. धरलेलंच होतं. ब्लाउज फाटलं.

घरी आल्यावर कुणीतरी माझ्या ओटीचं टोक ओढलं. तिनं माझी सुरगाठच मारली होती. ओटी खाली पडली. माझा कापूस कोरडा होता.

काठावर दहाबारा माणसं होती. सगळ्यांनी लांबून एकच गोष्ट पाहिली, की बाईनं दोन्ही हात सोडले. दुसऱ्या दिवशी ती दोन गावं खाली सापडली. जमादारानं मला विचारलं, "हात सुटला का सोडला, बाई?"

"सोडला," मी म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यानं पुढं "कशाले सोडला?" असं विचारलं असतं, तर उत्तर गाठीपर्यंत गेलं असतं, आणि गाठीवरून माझ्यापर्यंत. त्यानं विचारलं नाही. त्या वर्षांत कुणी विचारत नव्हतं, सगळ्यांना उत्तर माहीत होतं. मी गप्प बसले. मग यादीत नाव आलं. मग लोक हळहळले. मग ते तसंच झालं. नामदेवबुवा तेवढा एकदा म्हणाला, "मले काही दिसलं नाही, पोरी. पन मी आयकलं." त्या पावसानंतर बाज कुणी पाण्यात घातली नाही.

मला लोक विचारतात, जावेची मुलगी एवढी जीव लावून कशी सांभाळली. मी म्हणते, सांभाळावी लागते. खरं तर मी त्या मुलीला खाऊ घातलं, शिकवलं, तापात रात्री जागले, आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट दाबून ठेवली: तुझ्या आईला तू नकोशी नव्हतीस. एवढं एक वाक्य तिला दिलं असतं, तर बाकी निम्मं नसतं केलं तरी चाललं असतं.

"पल्लू," मी म्हणाले, "ते सोडून जायसाठी नव्हतं. गाठ सोडायसाठी होतं."

"कोणती गाठ?"

मी सांगितलं. मिलमध्ये नवीन पोरीला काम सांगते तसं सांगितलं, एकामागून एक. ओटी. पाऊस. गुडघा लावून आवळलेली. ढिली करा म्हणाली ते. ब्लाउज. जमादार. रडले नाही, रडण्याचा हक्क मी तेव्हाच "सोडला" म्हणून सोडला होता. सांगताना लक्षात आलं, सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. भाजी गार व्हायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग ती उठली, मी बाजूला ठेवलेली सुती ओढणी उचलली, आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"बांध."

"पल्लू, नको."

"जशी बांधली होती तशी बांध."

मी बांधली. गुडघा नाही लावला, पण हातांना सगळं आठवत होतं. ती गाठ घेऊन खिडकीपाशी गेली. डाव्या हातानं गज घट्ट धरला आणि उजवा हात पाठीमागं नेला. चाचपडली. नखं लावून पाहिली. मग हात बदलला. उजव्यानं गज, डाव्यानं गाठ. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तिची बोटं दिसत होती, शोभासारखी लांब, गाठीवर घसरत असलेली. मी पुढं झाले.

"हात नको लावू," ती म्हणाली.

मग तिनं गज सोडला.

"दोन्ही हात लागतात," ती म्हणाली. मला नाही, खिडकीला.

दोन्ही हातांनीही वेळ लागला. मी तिथंच उभी होते, करण्यासारखं काही नव्हतं, आणि मला तशी सवय नाही. शेवटी गाठ सुटली. तिनं ओढणीच्या सुरकुत्या हातानं काढल्या, चौघडी घडी केली, बॅगेत सगळ्यात वर ठेवली आणि चेन लावली. पुण्याची गाडी संध्याकाळची होती. जाताना ती रोजच्यासारखं "येतो" म्हणाली, पण पाया पडली नाही.

आज ती पाण्यावर असेल. इकडं पाऊस थांबला आहे, तुरी पुन्हा वर घालायच्या आहेत. फोन आलेला नाही. यादीत स्पष्ट लिहिलं होतं, ओढणी नको, सुती काही नको. सतरा वर्षांत चुकीची वस्तू भरलेलं पोतं मी शिवू दिलेलं नाही. निघायच्या आधी ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेव्हा बॅग माझ्यासमोर दोन मिनिटं तशीच होती. मी ओढणी काढली नाही.